इंदूरला गाड्यांच्या पेंटिंगसाठी एचव्हीएलपी गनच वापरली पाहिजे, असा कायदा आहे का?

तुम्ही पालद्यात शेड घेतलंय, डेंटिंग-पेंटिंग सुरू करायचंय. एका अमेरिकन व्हिडिओत ‘एचव्हीएलपी सोडून दुसरी गन चालत नाही’ असं ऐकलंत (एचव्हीएलपी म्हणजे कमी दाबाने भरपूर हवा सोडणारी रंगाची गन), आणि आता हातातल्या दोन जुन्या गन टाकून द्याव्या लागतील का, बूथशिवाय, म्हणजे रंग मारायच्या बंद खोलीशिवाय, काम चालेल का, असं विचारताय. मी सतरा वर्षं याच धंद्यात आहे. आधी रामबागेजवळच्या गल्लीत वडिलांचं गॅरेज होतं, आता सांवेर रोडला वर्कशॉप आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे कायद्यात गनचा प्रकार लिहिलेला नाही. कायदा जागेला धरतो. १९८१च्या हवा प्रदूषण कायद्याच्या कलम २१ खाली राज्याच्या प्रदूषण मंडळाची संमती लागते, शेड उभारण्याआधी एक आणि काम सुरू करण्याआधी दुसरी. केंद्रीय मंडळाने २०१६ मध्ये उद्योगांची लाल, नारंगी, हिरवी, पांढरी अशी वर्गवारी केली, त्यात गाड्यांची सर्व्हिसिंग, रिपेअरिंग आणि पेंटिंग नारंगीत टाकलं होतं. म्हणजे आपलं काम मंडळाच्या लेखी किरकोळ नाही. निगमचं लायसन्स मिळालं की सगळं झालं, हा इथल्या बऱ्याच गॅरेजवाल्यांचा समज आहे. तो चुकीचा आहे. संमतीच्या कागदावर ज्या अटी येतात त्या एकेक करून वाचा, कारण तुमच्यापुरता नियम म्हणजे तो कागद.

व्हिडिओवाला खोटं बोलत नव्हता, पण त्याचा नियम त्याच्या देशाचा. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००८ मध्ये छोट्या पेंट शॉपसाठी नियम काढला आणि जुन्या दुकानांना जानेवारी २०११ पर्यंत मुदत दिली. क्रोमियम, शिसं, मँगनीज, निकेल, कॅडमियम यांपैकी काही ज्या रंगात आहे, तो मारायचा तर गन एचव्हीएलपी, इलेक्ट्रोस्टॅटिक (विजेच्या भाराने रंग ओढणारी), एअरलेस (हवेशिवाय फवारणारी) किंवा तितकाच रंग पत्र्यावर बसवणारी हवी, बूथच्या फिल्टरने उडालेल्या रंगाचे ९८ टक्के कण धरले पाहिजेत, पेंटरचं ट्रेनिंग दर पाच वर्षांनी पुन्हा व्हायला हवं, आणि गन धुताना थिनरचा फवारा हवेत सोडायचा नाही. युरोपने दुसरीकडून हात घातला: २००४च्या निर्देशात डब्यातल्या रंगावरच मर्यादा, टॉपकोटला, म्हणजे वरच्या थराच्या रंगाला, लिटरमागे ४२० ग्रॅम सॉल्व्हंट (थिनरसारखा उडून जाणारा भाग), त्याच्यावर नाही.

यातलं काहीच इथे तुमच्यावर बंधनकारक नाही. तरीही माझं मत विचाराल तर जुन्या गन प्रायमरला सुद्धा ठेवू नका. आणि हे मी परदेशी नियमाच्या धाकाने सांगत नाही.

जुनी गन ५०-६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) वर रंग अक्षरशः फोडते. पत्र्यावर साधारण तिसरा हिस्सा बसतो, बाकीचा परतून हवेत. एचव्हीएलपीत गनच्या तोंडावरच्या कॅपपाशी दाब १० पीएसआयच्या वर जात नाही, हवा जास्त पण मऊ, त्यामुळे ६५ टक्क्यांच्या आसपास रंग जागेवर बसतो. शंभर मिलीत पस्तीस वाया आणि पासष्ट-सत्तर वाया, हा फरक महिन्याच्या बिलात दिसतोच. मात्र दोन चुका सगळे करतात. पहिली, नवी गन आणायची आणि जुन्या सवयीने रेग्युलेटर ५० वर ठेवायचा. मग ती एचव्हीएलपी राहतच नाही. ट्रिगर दाबून धरून हँडलपाशी गेज बघा, कंपनीने जो इनलेट दाब दिलाय तोच ठेवा, आणि पॅनलपासून सहा ते आठ इंच अंतर. दुसरी चूक कंप्रेसरची. या गनला हवा भरपूर लागते, दोन हॉर्सपॉवरवाला अर्ध्या बोनटवर दमतो, फवारा थुंकल्यासारखा पडतो आणि पेंटर गनला शिव्या देतो. गनच्या आधी कंप्रेसरचे सीएफएम, म्हणजे तो मिनिटाला किती घनफूट हवा देतो, ते बघा.

रामबागेतली गोष्ट सांगतो. वडील उघड्यावर, मागच्या अंगणात रंग मारायचे, पाठीमागे मोठा पंखा लावून. एका चैत्रात सिल्व्हर मेटॅलिकची गाडी झाली. संध्याकाळी शेजारच्या काकू ताटली घेऊन आल्या. गच्चीवर घातलेल्या उडदाच्या पापडांवर उन्हात चमचम करणारी बारीक चंदेरी भुकटी बसली होती. बोटाने पुसली तर निघत नव्हती, पापडात रुतली होती. काकू भांडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, ‘पापड फेकून देईन रे, पण नातू दिवसभर गच्चीवरच असतो.’ वडिलांनी त्या आठवड्यात अंगणातलं काम बंद केलं. मला ती ताटली अजून आठवते.

म्हणून बूथ हवाच. चार भिंती, छत, वरून गाळलेली हवा आत, खालून किंवा मागून फिल्टरमधून बाहेर. पण बूथ विकणारा एक गोष्ट सहसा सांगत नाही: काचतंतूचा फिल्टर फक्त रंगाचे कण धरतो. थिनरची वाफ त्यातून सरळ आरपार जाते. ती धरायची तर ॲक्टिव्हेटेड कार्बनचा थर लागतो, आणि तो भरला की बदलावा लागतो. नाहीतर ती वाफ चिमणीतून शहरात जाते आणि उन्हात गाड्यांच्या धुराबरोबर मिळून ओझोन होते. वाफ मुळातच कमी करायची तर बेसकोट (खालचा रंगाचा थर) पाण्यावरचा वापरा, क्लिअर (वरचा पारदर्शक थर) बहुतेक सॉल्व्हंटचाच राहतो. फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब दाखवणारं साधं गेज बसवून घ्या. काटा चढला की फिल्टर तुंबला. नुसतं डोळ्यांनी बघून कळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टूके, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या रंगाच्या, हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. आमच्या उस्तादाने वीस वर्षं गमछा तोंडाला बांधून क्लिअर मारला. मग खोकला सुरू झाला, रात्री छातीत शिट्टी वाजायची. धूळ असेल, सिगारेट असेल, असं आम्ही म्हणत राहिलो. भाचीच्या लग्नाला दहा दिवस गावी गेला, तिथे ठणठणीत. परत आला, एक बम्पर क्लिअर केला आणि त्याच रात्री त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘सुट्टीत बरं वाटतं का?’ हा दमा कामातूनच येतो, आणि एकदा शरीराने ते धरलं की मग थोडंसंही सहन होत नाही. गन त्याच्या हातातून कायमची सुटली. आता तो माझ्याकडे क्लेमचे एस्टिमेट आणि फायनल चेकिंग बघतो. माणूस हुशार आहे, पण त्याचा मेटॅलिकवरचा हात मला पुन्हा कुणाकडे दिसला नाही. चूक आमची होती.

गमछा, कापडी मास्क, एन ९५, कशानेही ही वाफ अडत नाही. क्लिअरला बाहेरून हवा देणारा मास्क घ्या, आणि त्याची हवा तेल गाळणाऱ्या फिल्टरमधूनच येऊ द्या. फवारा थांबल्यावर धुकं दिसेनासं होतं, पण गेलेलं नसतं. रिकाम्या बूथमध्ये धूर भरून पंखा चालू करा आणि पूर्ण साफ व्हायला किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघा. तेवढा वेळ मास्क काढायचा नाही, हे भिंतीवर लिहून ठेवा. मी लिहिलंय.

शिशाबद्दल थोडं. २०१६च्या नियमाने रंगातलं शिसं ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणलं, पण फक्त घरगुती आणि सजावटीच्या रंगात. गाड्यांचा रंग त्यात नाही. जुन्या ट्रकचा, स्कूल बसचा पिवळा रंग कोरडा घासू नका, त्यात लेड क्रोमेट असू शकतं. पाण्याने घासा, आणि ते पाणी नाल्यात सोडू नका. रंगाचा गाळ आणि वापरलेले फिल्टर २०१६च्या घातक कचरा नियमात येतात. ९० दिवसांच्या वर साठवायचे नाहीत, भंगारवाल्याला तर मुळीच द्यायचे नाहीत. आपल्याकडे तो माल पीथमपूरच्या घातक कचरा केंद्रात जातो.

शेडचा नकाशा अजून पक्का नसेल तर बूथची जागा ठरवण्याआधी दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा छतावर चढून वारा कुठे वाहतो ते बघा. त्या बाजूला कुणाची खिडकी, शाळा किंवा गच्ची असेल तर चिमणी दुसरीकडे घ्या, आणि मगच बूथवाल्याला ॲडव्हान्स द्या.