आधी पगार बघ, मग लग्न

चि. मुली,

आई फोनवर म्हणते लग्न कर. वर्गात प्राध्यापक सांगतात, गरिबीवर लग्न हा उपाय. दोघं एकच बोलतायत, मग चुकतेय ती मीच का, असं तू विचारतेस. चुकत नाहीस. पण आईचं आणि प्राध्यापकांचं एकत्र कालवू नकोस. अमेरिकेत क्लीव्हलंडमध्ये समाजकार्य शिकणाऱ्या मुलीने आधी पगार बघावा, मग लग्न.

१९६० साली अमेरिकेतल्या शंभर घरांपैकी तेरा घरांत एकच माणूस राहायचं, आता अठ्ठावीस-एकोणतीस. लोक लगेच म्हणतात, माणसं स्वार्थी झाली. असं म्हणणाऱ्यांना तुझ्यापासून तासाभरावरच्या यंग्सटाउनला ने. १९७७च्या सप्टेंबरात तिथली कॅम्पबेल वर्क्स ही पोलादाची गिरणी बंद पडली आणि काही हजार कामगार घरी बसले. एका पगारावर घर, गाडी, मुलांची शाळा चालवणारा नवरा तिथेच संपला. (तो नवरा काळ्या वस्त्यांना तर तेव्हाही फारसा मिळाला नव्हता, हे विसरू नकोस.) आज या देशात दहातली चार मुलं अविवाहित आयांना होतात; पदवीधर आयांमध्ये हे प्रमाण कितीतरी कमी. लग्नावरची श्रद्धा काय पदवीबरोबर मिळते? पगार मिळतो, विमा मिळतो, म्हणून लग्न होतं आणि टिकतं.

आणि सरकार? अपंग आणि वृद्ध गरिबांना जो एसएसआय भत्ता मिळतो, त्यासाठी एकट्याने दोन हजार डॉलरपेक्षा जास्त शिल्लक ठेवायची नाही. जोडप्याने तीन हजार. १९८९पासून ही मर्यादा हललेली नाही. दोघं भत्तेकरी लग्न करतात तेव्हा त्यांचा भत्ताही कापला जातो. अशा माणसांना तू लग्नाचा उपदेश करणार? आधी पगार बघ.

मी एकटी राहिले, त्याबद्दल मंडळात बायका अजून हळहळतात. माझा तो निर्णय बरोबरच होता. पण तो मला परवडला: इस्पितळातली कायमची नोकरी, विमा, निवृत्तिवेतन. तरी बहीण आजारी पडली तेव्हा १९९३च्या रजेच्या कायद्याने मला एक दिवस दिला नाही. त्यात नवरा आहे, मूल आहे, आईवडील आहेत, बहीण नाही. साठवलेली सुट्टी संपली तशी मी कामावर परतले, आणि तिच्या शेवटच्या आठवड्यांत मी तिच्याजवळ नव्हते. ती सल जाणार नाही. म्हणूनच कोणी लग्नाला सगळ्यावरचं औषध म्हटलं की माझं डोकं फिरतं. मला नवरा नको होता गं, रजा हवी होती.

तुझं एकटेपण माझ्यासारखंच आहे, पुढे पदवी आणि मागे पुण्यातलं घर असलेलं. तुझ्या समाजकार्याच्या केंद्रात मदतीसाठी येणारी, दोन नोकऱ्या करणारी आई वेगळी. तिच्याकडे माणूस असेलही. त्याच्या कामाचे तास दर आठवड्याला बदलतात, म्हणून ती लग्नाचं थांबलीय. तिला शहाणपण शिकवू नकोस, तिच्या भाड्याचं बघ.

आईला मी फोन करते, ते माझ्यावर सोड. तू मला पाठवलेला वर्गाचा निबंध मात्र पुन्हा लिही. त्यात ‘एकट्या बायका’ असा सरसकट गठ्ठा दिसला तर न वाचता परत पाठवीन.

तुझी,
मावशी