मकर म्हणजे बकरा नव्हे

एका वाचक ताईंनी विचारलं आहे: 'नातीची रास मकर आहे. मकर म्हणजे डोंगरी बकरा, म्हणून ही माणसं कष्टाळू, चिवट आणि महत्त्वाकांक्षी असतात, असं जिथे तिथे वाचते. मकर शब्दाला बकरा हा अर्थ कुठून आला? आणि "ती अगदी मकर आहे" असं म्हटलेलं चालेल का?'

ताई, हा अर्थ कुठूनही आलेला नाही, कारण तो अर्थच नाही. संक्रांत जवळ आली की तिळगुळाच्या शुभेच्छांवर वळलेल्या शिंगांचा बोकड दिसू लागतो आणि खाली मोठ्या अक्षरांत 'मकर संक्रांत'! दरवर्षी पाहतो आणि दरवर्षी चीड येते. मकर हा जलचर आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायात 'झषाणां मकरश्चास्मि' म्हणजे माशांमध्ये मी मकर, असं आहे. गंगेचं वाहन मकर. वेरूळच्या एकविसाव्या लेण्याच्या दर्शनी भागात गंगा त्याच्यावरच उभी आहे. तुकोबांच्या अभंगात विठोबाच्या कानांत तळपतात ती मकरकुंडलं. तिथे बोकड बसवून पाहा!

मकरचीच प्राकृतात 'मगर' झाली. 'प्रकट'चं 'प्रगट' होतं तसंच हे. म्हणजे नातीच्या चिकाटीला प्राणी हवाच असेल तर आपल्याकडे 'मगरमिठी' तयार आहे, डोंगर चढायची गरज नाही.

बकरा आला तो दुसऱ्या वाटेने. बाबिलोनी लोकांनी या तारकासमूहात पुढून बकरा आणि मागून मासा असा प्राणी पाहिला आणि त्याला नाव दिलं 'सुहुरमाश'. त्यात सुहुर हा मासा आणि माश हा बकरा. ग्रीकांनी नावात फक्त बकऱ्याचं शिंग ठेवलं, 'ऐगोकेरोस'. लॅटिन 'कॅप्रिकॉर्नस'चा अर्थही तोच. आता गंमत पाहा. सहाव्या शतकातल्या वराहमिहिर या ज्योतिषाने 'बृहज्जातक' या आपल्या ग्रंथात राशींची ग्रीक नावं संस्कृत वळणाने दिली आहेत आणि त्यांत मकरेचं नाव आहे 'आकोकेर'! ऐगोकेरोसच तो, उज्जैनीला येऊन नावारूपाला आलेला. म्हणजे ग्रीक नाव आपल्या ज्योतिषांना ठाऊक होतं, तरी त्यांनी चालवलं मकरच. वराहमिहिराचं वर्णन 'मकरो मृगास्यः' असं आहे, म्हणजे मृगाच्या तोंडाचा मकर. म्हणून या राशीला 'मृग' असंही म्हणतात. यावर एका ज्योतिषी गृहस्थांनी मला ऐकवलं, 'मृग म्हणजे कुठलंही जनावर, मग बकरा का नको?' नको, कारण बकऱ्याची जागा भरलेली आहे. ग्रहांच्या उच्च राशी, म्हणजे ग्रह ज्यांत सर्वांत बलवान मानले जातात त्या राशी, सांगणारा श्लोकच 'अजवृषभमृग...' असा सुरू होतो. त्यात अज, म्हणजे शब्दशः बकरा, हे मेषेचं नाव आणि मृग हे मकरेचं. एका ओळीत दोघं वेगवेगळे उभे असताना त्यांची अदलाबदल करायचा अधिकार या गृहस्थांना कुणी दिला?

स्वभावाचंही तेच झालं आहे. कष्ट, शिस्त, धीर ही यादी मुख्यतः राशीच्या स्वामीची, शनीची आहे. 'शनैश्चर' म्हणजे हळूहळू चालणारा. सूर्याभोवती एका फेरीला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात. तो संथपणा माणसाला चिकटवला की झाला धीर. आणि वराहमिहिर काय म्हणतो? चंद्र मकरेत असलेला माणूस बायकामुलांचे लाड करणारा, अलस, शीतालु, भटका आणि काव्यकृत्! आळशी, थंडी न सोसणारा कवी. बर्फाळ कडे चढणाऱ्या बोकडाशी याचं काय नातं? शिवाय आपण 'माझी रास' म्हणतो ती चंद्रराशी, म्हणजे जन्मवेळी चंद्र असतो ती. 22 डिसेंबर ते 19 जानेवारी या तारखा पाश्चात्त्य सूर्यराशीच्या. आपल्या पंचांगात सूर्य मकरेत जातो तो 14-15 जानेवारीला. दोन हिशेब एकत्र कालवायचे नि वर स्वभाव सांगायचा, हे बरोबर नाही. ('मकर म्हणून मक्कार' असंही ऐकलं आहे. मक्कार हा अरबी, कपट या अर्थाच्या 'मक्र'वरून आलेला. या मकरशी त्याचा काही संबंध नाही.)

पण मला ज्यासाठी हे उत्तर लिहावंसं वाटलं तो शब्द वेगळाच आहे. आपल्या गणपतीचं मखर!

देवळाच्या दारावर किंवा मूर्तीमागे कमान असते, तिच्या दोन्ही टोकांना एकेक मकर असतो आणि त्यांच्या उघड्या जबड्यांतून कमान वर निघते. ते मकरतोरण. आमच्या घरी आजोबांच्या वेळचं सागवानी मखर होतं. त्याच्या खांबांवर दोन तोंडं कोरलेली, सोंडेसारखं वळलेलं नाक, बटबटीत डोळा, शेपटीच्या जागी वेलबुट्टी. आम्ही मुलं त्यांना हत्तीमासे म्हणायचो आणि गणपती बसायच्या आदल्या दिवशी त्यांच्या दातांत अडकलेली वर्षभराची धूळ काडीने काढायचो. मकरतोरण हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तेच मखर आलं. 'मखर' हे 'मकरतोरणा'तलं तोरण गळून राहिलेलं रूप आहे, असं माझं ठाम मत आहे.

काहींना ते 'मख' म्हणजे यज्ञ, त्यावरून हवं असतं. मखरात कुठला यज्ञ होतो? मग म्हणतात, 'क'चा 'ख' कसा झाला? 'कील'ची 'खीळ' झाली, 'कुब्ज'चा 'खुजा' झाला, ते कसं चाललं? ते शब्दाच्या सुरुवातीला झालं आणि इथे मध्ये आहे, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो वजनदारही आहे. पण लिंग पाहा. मकर पुल्लिंगी, तोरण नपुंसकलिंगी आणि मखरही नपुंसकलिंगी, 'ते मखर'. गळालेलं तोरण आपलं लिंग मागे ठेवून गेलं आहे. यज्ञवाल्यांनी याचं उत्तर द्यावं.

हो, 'ती अगदी मकर आहे' असं बोलण्यात चालेल. लिहिताना 'मकर राशीची आहे' म्हणा.

गोव्यात नवरात्रात देवळांतून मखरोत्सव होतो, देवाला सजवलेल्या मखरात बसवून झुलवतात. तिथलं एखादं जुनं लाकडी मखर कुणी जवळून पाहिलं असेल, तर कमानीच्या टोकांना काय कोरलं आहे ते मला जरूर कळवा.