पीजी विभागाची नोकरी: पोरांचे दिवस आपण मोजायचे

खानापूरच्या ताईंनी विचारलंय की बेळगावातल्या एका मेडिकल कॉलेजात पीजी कोऑर्डिनेटरची, म्हणजे पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरांची कागदपत्रं सांभाळायची, जागा चालून आलीय, शिक्षण बी.कॉम., कन्नड कामापुरतं; ही नुसती कारकुनी आहे का, आणि झेपेल का? याच कामात मला अकरा वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कारकुनीच आहे ताई, पण त्या कारकुनीवर एकेका डॉक्टरची तीन वर्षं उभी असतात. एमडी-एमएसची पोरं ओपीडी, वॉर्ड आणि नाईटमध्ये इतकी बुडालेली असतात की सीएल (किरकोळ रजा) किती उरली, लॉगबुकवर (कामाच्या नोंदवहीवर) गाईडची, म्हणजे मार्गदर्शक डॉक्टरची, सही राहिली का, हे बघायला त्यांना उसंत नसते. ते आपण बघायचं. माझ्या मते या कामाचा गाभा एकच, दिवस मोजणं.

रजेचंच घ्या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या पीजी नियमावलीप्रमाणे वर्षाला 20 दिवस पगारी सीएल, शैक्षणिक रजा 5 दिवस आणि ती वेगळी, शिवाय कामाचा भार बघून आठवड्याची एक सुट्टी. हजेरी किमान 80 टक्के लागते. रजा जास्त झाली तर तितके दिवस कोर्स लांबतो. मी पूर्वी दुसऱ्या एका कॉलेजात होते, तिथे माझ्या हातून चूक झाली. एका मुलीची कॉन्फरन्सची चार दिवसांची रजा मी सीएलमध्ये धरली. त्याच वर्षी वडिलांच्या आजारपणासाठी ती बरेचदा गावी गेली होती. बेरीज 23 वर गेली आणि कोर्स वाढवण्याची नोट तयार झाली. नाईट संपवून ती तशीच माझ्या टेबलाशी आली. एप्रनच्या खिशातून चार घड्या घातलेलं कॉन्फरन्सचं सर्टिफिकेट काढून तिने माझ्यासमोर उलगडलं. चिडली नाही, फक्त म्हणाली, "मॅडम, हे मी तेव्हाच दिलं होतं." खरंच दिलं होतं, माझ्याच फाइलमध्ये मागच्या बाजूला लागलं होतं. दुरुस्तीच्या पत्रापत्रीत पंधरा दिवस गेले, आणि ते पंधरा दिवस ती अभ्यास सोडून ऑफिसच्या पायऱ्या चढत होती. तेव्हापासून माझ्या रजिस्टरमध्ये सीएल निळ्या शाईने आणि शैक्षणिक रजा हिरव्या. दर महिन्याच्या पाच तारखेला ज्याचा त्याला आकडा मेसेजने जातो.

दुसरी जपायची गोष्ट डीआरपी, म्हणजे जिल्हा रुग्णालयातली तीन महिन्यांची पोस्टिंग. तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सेमिस्टरमध्ये ती करावी लागते आणि समाधानकारक पूर्ण झाल्याशिवाय फायनलला बसता येत नाही. पोरगं इथून रिलीव्ह होतं, तिकडे जॉईन होतं, परत येतं. प्रत्येक ठिकाणी एक तारीख, एक सही, एक शिक्का. इथल्या रिलीव्हिंगची आणि तिथल्या जॉईनिंगची तारीख जुळली नाही की मधला दिवस लोंबकळतो. तो दिवस कुणाचाच नाही असं दोन्हीकडचे म्हणतात. पोस्टिंग संपल्यावर सर्टिफिकेट हातात घेऊन मगच परत जॉईन करून घ्या. नंतर आणतो म्हणणाऱ्याला परीक्षेच्या फॉर्मच्या आठवड्यात पळावं लागतं. थीसिसलाही तेच, परीक्षेच्या सहा महिने आधी द्यायचा असतो, म्हणून मी गाईडकडे त्याच्याही दोन महिने आधीपासून आठवण करते. रिसर्च मेथडॉलॉजीचा ऑनलाईन कोर्स पहिल्या वर्षीच उरकायला लावा.

ऍडमिशनच्या दिवसांत, एमसीसीच्या (केंद्राच्या) आणि केईएच्या (कर्नाटकच्या) प्रवेश फेऱ्या चालू असताना, घरी जायची वेळ सांगता येत नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. पगार बेताचा आहे, हेही खरं.

आता रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक. ते युनिटमधले सीनियर पीजी करतात, आपल्याकडे फक्त प्रत येते. पण आलेली प्रत वाचा. 1992 च्या केंद्राच्या निर्देशात जास्तीत जास्त सलग 12 तास आणि आठवड्याला 48 तास असं म्हटलंय, 2023 च्या नियमावलीत वाजवी तास आणि विश्रांती. वॉर्डात काय चालतं ते तुम्ही रुजू झाल्यावर बघालच. एकदा एक फर्स्ट इयरचा मुलगा बोनाफाईड मागायला आला. जन्मतारीख लिहिताना त्याचं पेन थांबलं. त्याला आठवेना. दोनदा खोडलं, मग नुसता कागदाकडे बघत बसला. रोस्टर काढून पाहिलं तर सलग चौथी नाईट. त्याला चहा दिला, आतल्या खोलीत बसवलं आणि त्याच्या गाईडना फोन लावला. तो माझा अधिकार नव्हता, पण त्या दिवशी त्याला झोपायला पाठवलं गेलं. अशा वेळी आपलं काम नाही म्हणून गप्प राहू नका ताई. एचओडीसमोर (विभागप्रमुखांसमोर) कुणी बोलत नाही. ऑफिसातल्या बाईसमोर पोरं बोलतात.

कन्नडची काळजी करू नका. कॉलेजचा बहुतेक पत्रव्यवहार इंग्रजीत असतो, सरकारी दवाखान्याकडून मात्र कन्नड पत्रं येतात, म्हणून अक्षरं वाचता येतील एवढं पहिल्या महिन्यात शिकून घ्या. आपली भाषा तर रोज उपयोगी पडते. राजस्थान, केरळ, तेलंगणातून आलेल्या पोरांपुढे ओपीडीत चंदगडची आजी मराठीत बोलते आणि गोकाकचे आजोबा कन्नडमध्ये. "कुठं दुखतंय" आणि "एल्ली नोवु" हे दोन्ही मी नव्या बॅचला पहिल्याच दिवशी कागदावर लिहून देते.

रुजू झालात की पहिल्या आठवड्यात मागच्या बॅचच्या फाइली मागून घ्या आणि जे कागद मागाहून चिकटवलेले किंवा मागच्या तारखेचे दिसतील त्यांची नोंद करा. ते ते कागद तुमच्या बॅचचे वेळेआधी गोळा करायचे. काही अडलं तर इथेच विचारा, मी रात्री नऊनंतर असते.