स्की-पर्वतारोहणाचे पहिले मार्ग कसे शोधावेत?

सह्याद्रीतले किल्ले पायाखालचे आहेत, पण स्की कधी पायात घातलेली नाही, अशा निपाणीच्या माणसाने स्की-पर्वतारोहणासाठी, म्हणजे स्कीवरून बर्फाळ डोंगर चढण्या-उतरण्यासाठी, सोपे मार्ग कुठे शोधावेत, असे आपण विचारले आहे. मी बेळगावचा, आपल्यासारखाच गडकोटांवरून बर्फाकडे वळलो. माझे स्पष्ट मत असे की मार्गाच्या नावाआधी उताराचा कोन पाहावा. जीवघेणी हिमस्खलने बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. म्हणून पहिल्या हंगामात २५ अंशांच्या आतच राहावे.

हा अंदाज घ्यायला बर्फ लागत नाही. बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या उतारावर सारख्या लांबीच्या दोन काठ्या घेऊन जा. एक उभी रोवा आणि तिच्या बरोबर मध्यावर दुसरी चढाच्या दिशेने आडवी धरा. आडव्या काठीचे टोक उताराला नेमके टेकले, तर उतार साधारण २७ अंशांचा. ती पूर्ण मावतच नसेल, तर त्याहून तीव्र. चार-सहा ठिकाणी असे मोजले की नजर तयार होते. नकाशावरही हेच करता येते: १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात उंचीत ४० मीटरचा फरक दाखवणाऱ्या लगतच्या समोच्च रेषा सुमारे १.४ मिलिमीटर इतक्या जवळ आल्या, की तिथे ३० अंशांचा उतार आहे असे समजावे.

मात्र पायाखालचा उतार सौम्य असला तरी डोक्यावर काय आहे, हे पाहिल्याशिवाय मार्ग सोपा म्हणू नये. गुलमर्गच्या वरचे खिलनमर्ग हे पठारासारखे कुरण, पण त्याच्या माथ्यावर अफरवट शिखराच्या घळी आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच परिसरात हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. त्यामानाने उत्तराखंडातल्या औलीहून जंगलातून गोरसोन बुग्यालकडे (उंचावरच्या कुरणाकडे) जाणारी वाट नवख्याला मला अधिक योग्य वाटते. तिथेही स्थानिक वाटाड्या हवाच.

त्याआधी गुलमर्ग किंवा मनालीच्या सरकारी संस्थेत स्कीचा प्राथमिक अभ्यासक्रम करावा. स्कीखाली स्किनच्या, म्हणजे मागे घसरू न देणाऱ्या, पट्ट्या लावून चढणे लवकर जमते. खरी कसोटी थकलेल्या पायांनी भुसभुशीत बर्फावरून उतरताना लागते. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव लावणारे संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे प्रत्येकाजवळ असावे व ते वापरण्याचा सरावही असावा, कारण गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते आणि तेवढ्या वेळात सोबत्यांखेरीज कोणी पोहोचू शकत नाही.