बिडाचा तवा नवीन आहे? मग आधी एवढंच करा

पहिलंच घावन चिकटलं म्हणून तवा माळ्यावर टाकू नका. तव्यात खोट नाही, तो अजून मुरलेला नाही इतकंच.

नवा तवा गरम पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने एकदा घासा. लगेच 5 मिनिटं मंद आचेवर ठेवून पूर्ण कोरडा करा. मग अर्धा चमचा शेंगदाणा तेल सगळीकडे चोळा आणि सुती फडक्याने पुसून काढा. अगदी तेल लावलंच नव्हतं असं वाटेपर्यंत पुसा! मध्यम आचेवर धूर निघेस्तोवर तापवा, निवू द्या. असं 3-4 वेळा.

बहुतेकांचं चुकतं ते पुसण्यात. तेल जास्त राहिलं की तापून बसणारा तेलाचा थर कडक होत नाही, बोटाला गोंदासारखा लागतो. तसं झालंच तर जाड मिठाने घासा आणि पुन्हा तेलाचा पातळ हात द्या.

पहिले आठ दिवस थालीपीठच लावा, तेल सढळ सोडून. घावनाची घाई नको.

- तवा पाण्यात भिजत ठेवू नका.
- तापलेल्या तव्यावर गार पाणी नको, बीड तडकतं.
- टोमॅटो, चिंच सध्या लांब. आंबटाने थर सुटतो.

घावनाच्या वेळी पाण्याचा थेंब तव्यावर नाचत पळाला पाहिजे. नारळाच्या शेंडीने तेल फिरवा, पीठ कडेकडून आत ओता, झाकण ठेवा. कडा आपोआप सुटेपर्यंत उलथनं लावू नका.