जैवकोळशाने दुधातील औषधांचे अंश काढता येतील का?

प्रश्न : वनस्पतीजन्य कोळशाने पाण्यातील प्रतिजैविके शोषून घेता येतात, असे वाचले. मग जनावरांना दिलेल्या औषधांचे दुधात उतरलेले अंशही त्याने काढता येतील का? दूध उकळून हे काम होत नाही का?

उत्तर : उकळण्याचा भाग आधी पाहू. पाश्चरीकरणात दूध साधारण ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवले जाते. त्याने रोगजंतू मरतात, परंतु पेनिसिलिन किंवा टेट्रासायक्लिनसारखे प्रतिजैविक बहुतांशी तसेच राहते. घरी उकळल्याने काही अंश कमी झाले, तरी त्याचा भरवसा धरता येत नाही.

भाताचे तूस, करवंटी, लाकडाचा भुसा असे पदार्थ अत्यल्प प्राणवायूत, साधारण ३०० ते ७०० अंशांना तापवले की जैवकोळसा मिळतो. त्याच्या पृष्ठभागावरील कार्बनची वलये आणि टेट्रासायक्लिनच्या रेणूतील वलये एकमेकांना धरतात, शिवाय रेणू सूक्ष्म छिद्रांतही अडकतात. म्हणून पाण्यात हा उपाय चांगला चालतो.

दुधाचे मात्र तसे नाही. टेट्रासायक्लिन गटासाठी आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत लिटरमागे १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, तर त्याच लिटरात प्रथिने सुमारे ३३ ग्रॅम, म्हणजे तीन लाख पटींहून अधिक असतात. केसीन या दुधातील मुख्य प्रथिनाचे कण ५० ते ३०० नॅनोमीटरचे असल्याने कोळशाच्या दोन नॅनोमीटरपेक्षा लहान छिद्रांत ते शिरू शकत नाहीत, परंतु छिद्रांच्या तोंडाशी बसून औषधाची वाट अडवतात. स्निग्धांशही पृष्ठभागावर थर धरतो. त्यातच टेट्रासायक्लिन दुधातील कॅल्शियमशी जोडले जात असल्याने कोळशासाठी मोकळे राहणारे औषध आणखी घटते. कोळसा वाढवावा, तर रायबोफ्लेविनसारखी जीवनसत्त्वेही तो ओढून घेतो, आणि कच्च्या मालातील जड धातू किंवा जळताना तयार झालेली घातक संयुगे दुधात उतरण्याची शक्यता तपासावी लागते. चुलीतला कोळसा दुधात टाकण्याचा प्रयोग तर कोणीही करू नये.

मला या पदार्थाचा खरा उपयोग प्रयोगशाळेत दिसतो. दुधाच्या नमुन्यातील प्रथिने आम्लाने साकळून वेगळी केली, उरलेल्या द्रवात कोळशाची पूड घोळवली आणि तिला चिकटलेले औषध मिथेनॉलसारख्या द्रावकाने सोडवून घेतले, की अत्यल्प मात्राही मोजता येते. तिथे दूध कोणाला प्यायचे नसते, त्यामुळे वरच्या बहुतेक अडचणी उरत नाहीत. गोठ्यातील व दुग्धालयातील सांडपाण्यासाठीही कोळशाचा विचार करता येईल.

पिण्याच्या दुधासाठी औषधाचा अंश मुळातच येऊ न देणे हाच मार्ग आहे. कासदाहावर, म्हणजे कासेच्या सुजेवर, सडात औषध सोडले असेल, तर वेष्टनावर दिलेला किंवा पशुवैद्याने सांगितलेला काळ संपेपर्यंत त्या जनावराचे दूध वेगळे काढावे आणि ते वासरांनाही पाजू नये, कारण त्यातील प्रतिजैविकांमुळे वासरांच्या आतड्यांत औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढतात.