प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर नवरा-बायकोने कशाची तयारी ठेवावी?

आम्ही कॅन्सरला घाबरलो होतो, ओल्या पायजम्याची तयारी मात्र नव्हती. या ऑपरेशनमध्ये प्रोस्टेट ग्रंथी काढतात, आणि लघवीसाठी घातलेली नळी साधारण १ ते २ आठवडे राहते. ती काढली की खोकला आला, खुर्चीतून उठलं, की लघवी गळते. बहुतेकांना काही महिन्यांत बराच फरक पडतो. पॅड आधीच आणून ठेवा (मेडिकलमध्ये मागायला हे लाजायचे, मीच आणायचे). कीगल व्यायाम (लघवी रोखणारे स्नायू आवळायचे-सोडायचे) ऑपरेशनआधीच शिकून घ्या. नळी असताना करायचे नाहीत.

दुसरी गोष्ट कुणी आपणहून बोलत नाही. लिंगाच्या ताठरतेच्या नसा प्रोस्टेटला चिकटूनच जातात. त्या वाचवल्या तरी सावरायला दीड-दोन वर्षंही लागू शकतात. वीर्य तर बाहेर येतच नाही. हे पाठ करून झोपायचे, मला वाटायचं माझ्यावरच राग आहे. शेवटी डॉक्टरांना मीच विचारलं. गोळ्या, व्हॅक्यूम पंप असे उपाय आहेत. हृदयासाठी नायट्रेट चालू असेल तर त्या गोळ्या चालत नाहीत, तेवढं आधी सांगा.

प्रोस्टेट काढल्यावर पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन, रक्त तपासून मोजतात) जवळपास शून्यावर यायला हवा. रिपोर्टच्या आदल्या रात्री आम्ही दोघंही जागे असतो, अजून.